मदत हवी आहे: कारखान्यासाठी कोणतं बॅकअप सॉफ्टवेअर घ्यावं?

मंडळी, चिपळूणजवळ आमचं काजू प्रक्रियेचं युनिट आहे. एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली आणि स्टॉकचा एसक्यूएल डेटाबेस, शिवाय आठ पीसी. सध्या अकाउंटंट संध्याकाळी टॅलीचं फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करतो आणि डिस्क सर्व्हरच्याच कपाटात ठेवतो. जुलै २०२१ चा पूर बघूनही हे असंच चाललंय, काय बोलणार!

वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन दहा वर्कलोडपर्यंत (म्हणजे सर्व्हर आणि पीसी मिळून दहा मशीनपर्यंत) फुकट आहे, म्हणजे आमचं भागेल. ॲक्रोनिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लाउड आणि रॅन्समवेअरपासून (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) संरक्षण एकत्र मिळतं, पण दरवर्षी पैसे मोजावे लागतात. शेठ आधी किंमत विचारणार, हे सांगायला नकोच.

खरी अडचण पावसाळ्याची. लाइट गेली की पाठोपाठ नेटही जातं. त्यामुळे फक्त बदललेला डेटा वर जायला हवा, आणि मध्येच तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं. डेटाबेस चालू असतानाही बॅकअप नीट निघाला पाहिजे. एक प्रत पुण्याच्या ऑफिसात ठेवायचा विचार आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणी यापैकी काही वापरतंय का? बॅकअप सगळेच घेतात हो; पूर्ण सर्व्हर रीस्टोअर करून पाहिलेल्यांनी जरूर लिहा. किती वेळ लागला?