मदत हवी आहे: बाबांची प्रोस्टेट, टीयूआरपी करावी की होलेप?

मंडळी, बाबांचं वय ७४, प्रोस्टेट ग्रंथी वाढून जवळजवळ ९० ग्रॅम. कॅन्सर नाही. गोळ्या चालू असूनही लघवी तुंबली. कॅथेटर (लघवीची नळी) काढला की पुन्हा तुंबते, त्यामुळे ऑपरेशन आता टळत नाही.

एक डॉक्टर टीयूआरपी म्हणतात (लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडून काढणं), दुसरे होलेप (तसंच दुर्बिणीतून, पण लेझरने वाढलेला भाग सोलून काढणं). एवढ्या मोठ्या ग्रंथीला होलेप बरं, रक्तस्राव कमी, कॅथेटरही लवकर निघतो, हे मला पटतंय. पण बाबांना हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्या कधी थांबवायच्या यावर हृदयाचे डॉक्टर सर्जनकडे बोट दाखवतात आणि सर्जन त्यांच्याकडे!

वीर्य उलटं मूत्राशयात जाणं दोन्हींत बऱ्याच जणांना होतं. ते बाबांनी हसण्यावारी नेलं. त्यांची खरी धास्ती ऑपरेशननंतर कपड्यात लघवी गळण्याची. आत्तापासूनच बाहेर जाणं टाळतायत.

होलेप झालेल्यांच्या घरच्यांनी सांगा ना, गळणं किती दिवसांत थांबलं? लघवी रोखून धरणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनआधीच सुरू केले होते का? आणि स्टेंट असलेल्यांनी ॲस्पिरिन चालू ठेवूनच ऑपरेशन केलं का? डॉक्टरांना विचारणार आहेच, पण नेमकं काय विचारायचं तेही सुचवा.