गर्भाशयमुखाचा कॅन्सर: व्हीआयए शिबिरं पुरे, एचपीव्ही चाचणी घरोघर न्या

तेरणाकाठ:
माझं म्हणणं आधीच सांगते. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी सरकारी केंद्रांवर पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहतात, त्या व्हीआयए तपासणीवरचा भर काढावा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची एकदा तरी एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणारी चाचणी, व्हावी, आणि नमुना तिने स्वतः, घरीच घ्यावा.

पुरावा आमच्याच जिल्ह्यातला आहे. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह. काही गावांत एचपीव्ही, काहींत पॅप (तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींत व्हीआयए आणि उरलेल्यांत नेहमीचीच सेवा. तपासणी एकदाच. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, तपासणी न झालेल्या गटात ६४. पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीच सुचवते.

आपल्याकडे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीही या कॅन्सरसाठी कोणतीच तपासणी कधी झालेली नव्हती. ज्या गावांनी जगाला हे दाखवून दिलं, तिथल्या लेकीसुनांना ती चाचणी हक्काने मिळत नाही, याचा मला संताप येतो.

रात्रपाळी:
ताई, व्हीआयए मोडीत काढू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानेच दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून दर दोन वर्षांनी व्हीआयए केली. दीड लाख बायकांचा अभ्यास, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. तमिळनाडूत दिंडिगुलला एकाच फेरीत ३५ टक्के. तुम्ही एकाच जिल्ह्याचा निकाल धरून बसलात.

मी ही तपासणी स्वतः करते. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे सांगता येतो. एचपीव्हीचा नमुना जिल्ह्याला जाणार. रिपोर्ट येईपर्यंत बाई टोळीबरोबर कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली असेल. तिला शोधायचं कुणी? आमच्या आशाताईंनी?

तेरणाकाठ:
सिस्टर, दिंडिगुलला नर्सना नीट शिकवलं होतं आणि दोष दिसला तर त्याच खेपेला क्रायो करायची, म्हणजे तेवढा भाग गोठवून नष्ट करायची, सोय होती. आपल्या शिबिरांत किती ठिकाणी असते? शिवाय व्हीआयए पाहणाऱ्याच्या नजरेवर जाते, आणि पन्नाशीकडे हा कॅन्सर जिथे सुरू होतो ती जागा आत सरकते, धड दिसत नाही. एचपीव्ही निगेटिव्ह आली तर पुढची पाच वर्षं तरी पुन्हा बोलवावं लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला हेच जास्त सोयीचं.

गेवराईकर:
मला भीती वेगळीच आहे. २०१९ मध्ये आमच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. 'अंगावरून पांढरं जातंय, उद्या कॅन्सर होईल,' एवढ्या एका वाक्यावर कित्येकींनी कर्ज काढून ऑपरेशन केलं. तिशीतल्या बायका होत्या हो त्या!

आता तुमच्या उस्मानाबादच्या अभ्यासातही दहा टक्क्यांच्या आसपास बायका पॉझिटिव्ह होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. घरी नमुना घेतला, कागदावर 'पॉझिटिव्ह' आलं, तर ती बाई कुणाकडे धावणार? पिशव्या काढणाऱ्या त्याच दवाखान्यात. तुम्ही त्यांच्या हातात छापील रिपोर्ट देताय.

योकोहामावासी:
सगळे तपासणीवरच बोलताय, लसीचं काय? इथे जपानमध्ये २०१३ च्या जूनमध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर सरकारने एचपीव्ही लसीची शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली गेलं. शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. मधल्या वर्षांतल्या कित्येक मुलींची वेळेवरची लस हुकली. उलट सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून जवळपास सगळ्या मुलींना लस दिली. आता सीरमची भारतीय लसही आहे. पैसा तिकडे घाला.

तेरणाकाठ:
दादा, लस नववीतल्या मुलीला वाचवेल, आणि ती द्यायलाच हवी. पण तिच्या आईला विषाणूची लागण होऊन कदाचित दहा वर्षं झालीत. तिला लस उपयोगाची नाही. आईचा प्रश्न तिची मुलगी मोठी होईपर्यंत ठेवून द्यायचा का?

निंबोणी:
त्या अभ्यासाचं एवढं कौतुक ऐकते आहे म्हणून विचारते. चौथ्या गटातल्या ३१ हजारांहून जास्त बायकांना नुसतं पाहत राहिले ना? कॅन्सर तपासणीने टळतो हे १९९९ मध्येही माहीत होतं. यावर परदेशी डॉक्टरांनीही जाहीर आक्षेप घेतले. त्या ६४ जणींमध्ये तपासणी झाली असती तर वाचल्या असत्या अशा बायका होत्या. त्यांच्या मृत्यूचा आकडा आपण इथे युक्तिवाद म्हणून वापरतोय, हे मला सहन होत नाही.

तेरणाकाठ:
आक्षेप रास्त आहे. मी त्या गटाची बाजू घेणार नाही. म्हणूनच तर निकाल कळून इतकी वर्षं गेल्यावर या बायकांना अजून थांबवणं मला जास्त मोठा अन्याय वाटतो.

गेवराईकर, तुमच्या भीतीवर उपाय आहे. रिपोर्ट बाईच्या हाती एकटा जाऊ नये. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टरनी तो समजावून सांगावा, पुढची तपासणी उपजिल्हा रुग्णालयातच व्हावी, आणि बदल कॅन्सरआधीचा असेल तर तिथेच थर्मल मशीनने तेवढा भाग जाळावा. पिशवीला हात लावायची वेळच येत नाही.

रात्रपाळी:
आमच्या उपजिल्हा रुग्णालयात कॉल्पोस्कोप (पिशवीचं तोंड मोठं करून पाहायची दुर्बीण) नाही, थर्मल मशीन नाही, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस येतात. या तिन्ही गोष्टी आधी द्या. तोवर मी व्हीआयए करत राहणार, कारण माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी आज तेवढंच देऊ शकते.

गेवराईकर:
सिस्टरांशी सहमत. तालुक्याला उपचार नाहीत तोवर घरोघर नमुने नकोत.