तीर्थनच्या ट्राउटसाठी जलविद्युत प्रकल्प नाकारले, ते बरोबर होतं का?

नदीकाठ
हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कात उगम पावते आणि गुशैणी, बंजार करत लारजीला बियासच्या पाण्यात मिसळते. २००० नंतरच्या दशकात तिच्यावर आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांवर नऊ छोटे जलविद्युत प्रकल्प यायचे होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब गावकऱ्यांना घेऊन हिमाचल उच्च न्यायालयात गेले आणि प्रकल्प रद्द झाले. गावकऱ्यांच्या हातातला एक मोठा मुद्दा होता ट्राउट मासा.

परवा जेवताना एक नातेवाईक म्हणाले, "इंग्रजांनी आणलेल्या एका माशापायी वीज नाकारली, याला काय पर्यावरण म्हणायचं?" तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. गावकऱ्यांनी केलं ते बरोबरच होतं, आणि ट्राउटचा मुद्दा पुढे केला तेही बरोबर होतं, असं मला वाटतं.

गुशैणीच्या वर मी नोव्हेंबरात गेलो होतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, त्यामुळे गळ कुणाच्याच हातात नव्हता. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका सकाळी काठावर घेऊन गेले. उथळ, खळाळत्या पाण्यात सुपाएवढा एक फिकट डाग दिसला. आजूबाजूचे गोटे शेवाळाने काळपट झालेले, तेवढाच भाग घासून ठेवल्यासारखा. मादी कुशीवर होऊन शेपटीने गोटे उडवते, खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या अंगाचे गोटे उकरून त्यांच्यावर लोटते. मी वाकून बघत पुढे सरकलो तर काकांनी दंडाला धरून मागे ओढलं. तिथे पाय द्यायचा नाही.

ती अंडी थंडीचे महिने त्या गोट्यांखाली असतात. फटींतून गार पाणी खेळतं राहिलं तरच जगतात. पाणी उतरलं की उघडी पडतात, गाळ बसला की गुदमरतात. आणि नदीला वर्षातलं सगळ्यात कमी पाणी असतं ते याच महिन्यांत. बंधारा घालून पाणी बोगद्यात वळवलं की मधल्या पट्ट्यात उरतं काय? हिमाचलच्या धोरणात कमी पाण्याच्या काळातल्या प्रवाहाच्या १५ टक्के पाणी खाली सोडायचं बंधन आहे. पंधरा टक्क्यांत त्या खळग्यावर किती पाणी राहील, ते काठावर उभं राहिलं की कळतं.

बोगद्याच्या_टोकाला
बावीस वर्षं जलविद्युत प्रकल्पांवर काम केलंय, त्यामुळे माझं मत तुम्हाला आवडणार नाही, पण मांडतो.

हे प्रकल्प रन ऑफ द रिव्हर, म्हणजे वाहतं पाणी वळवून वीज करणारे. मोठा जलाशय नाही, गावं बुडत नाहीत. हिमाचलला अशा प्रकल्पांतून काही टक्के वीज फुकट मिळते, वर आणखी थोडी स्थानिक भागाच्या विकासासाठी. डोंगराळ राज्याकडे दुसरं विकायला आहे काय? आणि जी वीज तिथे झाली नाही ती कुठेतरी कोळसा जाळूनच झाली असेल. तो धूर हिमनद्यांनाही भोवतोच, म्हणजे शेवटी तीर्थनलाच.

आपण महाराष्ट्रात कोयनेच्या १,९६० मेगावॉटवर वाढलो. घरातला पंखा लावून दुसऱ्याच्या नदीबद्दल हळवं होणं सोपं आहे.

मत्स्यवेल
मी नदीच्या बाजूने आहे, पण धाग्याच्या मुद्द्याच्या विरुद्ध. तुमची ट्राउट म्हणजे ब्राउन ट्राउट, आणि ती तिथली नाहीच. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून अंडी काश्मीरला आली आणि १९०९ मध्ये तिथून कुल्लूत. तिथला मूळ मासा स्नो ट्राउट. नावात ट्राउट असली तरी ती कार्पच्या कुळातली, आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत ती आज 'असुरक्षित' आहे. त्याच्या कारणांत ब्राउन ट्राउटची स्पर्धाही येते. वर सरकारी केंद्रात वाढवलेली ट्राउटची पिल्लं आपणच नदीत सोडत राहतो. मग वाचवतोय कोणाला, नदीला की शौकिनांच्या गळाला? "नदी वाचवा" म्हणा. "ट्राउट वाचवा" म्हणालात की उद्या कोणी सिमेंटच्या टाक्यांत रेनबो ट्राउट वाढवून दाखवेल आणि म्हणेल, घ्या तुमचे मासे, आता नदी द्या.

नदीकाठ
@मत्स्यवेल, शेवटचं वाक्य मनाला लागलं, कारण ते खरं आहे. ती तयारी तर चालूच आहे. फक्त त्या टाक्यांनाही गार, वाहतं पाणी त्याच ओढ्यांचं लागतं.

पण गावकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. "मला ही नदी आवडते" हे कोर्टात टिकत नाही. "या पाण्यावर माझं घर चालतं, इथे परवाना काढून मासेमारी होते, त्यासाठी माणसं येतात, राहतात, जेवतात" हे टिकतं. स्नो ट्राउटसाठी वकील लावायला कोण आलं असतं? आणि ट्राउटला जे लागतं तेच तिला लागतं: गार पाणी, स्वच्छ गोटे, अखंड प्रवाह. उलट स्नो ट्राउट ऋतूप्रमाणे नदीत वर-खाली करते, तिला बंधारा जास्तच नडतो. परक्या माशाच्या नावाने मिळालेला मनाई हुकूम घरच्या माशालाही लागू होतो.

मत्स्यवेल
मान्य, अर्धं. पण लारजीला १२६ मेगावॉटचं धरण आहे, तीर्थनच्या तोंडाशीच. बियासमधून वर येणाऱ्या माशाची वाट तिथेच तुटली आहे. 'अखंड प्रवाह' म्हणताना हेही सांगा.

नदीकाठ
हो, ते मी लिहायला हवं होतं.

पाऊलवाट
शेजारचं सैंज खोरं कोणी पाहिलं आहे का? तीर्थन आणि सैंज, दोघींच्या मध्ये एक डोंगररांग. सैंजवर पार्वती-३ चे ५२० मेगावॉट, सैंज प्रकल्पाचे १०० मेगावॉट, आणि पार्वती-२ चं पॉवरहाऊसही तिथेच. त्यासाठी पार्वती नदीचं पाणी साडेएकतीस किलोमीटरच्या बोगद्यातून आणलंय. मी बंधाऱ्याखालच्या पात्रात हिवाळ्यात उतरलो होतो. गोटे पांढरे कोरडे, मधून हातभर रुंदीची धार, आवाज जवळजवळ नाही. संध्याकाळी तीर्थनकाठी परत आलो तर शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागत होतं. जुलै २०२३ च्या पुरात सैंज बाजारातली घरं वाहून गेली, ते वेगळंच.

बोगद्याच्या_टोकाला
पूर प्रकल्पांच्या माथी मारू नका. त्या आठवड्यात हिमाचलभर पाऊस कोसळला होता, लारजीचं पॉवरहाऊसही पाण्याखाली गेलं. बोगद्यांचा राडारोडा काठावर टाकला जातो, त्यावर बोला, मी तुमच्या बाजूने बोलेन. ती चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिचं समर्थन कधी केलेलं नाही.

दुसरं, हिमाचलमधलंच बरोट बघा. उहल नदीवर शानन प्रकल्प १९३२ पासून आहे आणि बरोट आजही ट्राउटसाठीच ओळखलं जातं. वीज आणि मासे एकत्र नांदतात.

मत्स्यवेल
बरोटची ट्राउट बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बघायची, आणि तिथेही मत्स्यबीज केंद्राचा आधार आहे. पाणी वळवल्यावर खालच्या पट्ट्यात काय उरतं, प्रश्न तो आहे.

आडवाट_ताई
सगळे वीज-वीज करताय म्हणून बोलते. गेल्या काही वर्षांत मी तीन वेळा तीर्थनला जाऊन आले. पहिल्यांदा काठावर शेतं होती. तिसऱ्यांदा त्याच जागी पाण्यापर्यंत उतरलेल्या पायऱ्या, रंगीत तंबू आणि थेट नदीकडे गेलेले सांडपाण्याचे पाइप. ज्या माशाच्या नावाने कोर्टात जिंकले, त्याच्या नावाने पाहुणे बोलावून तेच पाणी नासवलं, तर जिंकून मिळवलं काय? ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारेही बाहेरून येत नाहीत हो, गावातलेच असतात. नदीकाठ दादा, प्रकल्पाला नाही म्हणणं एकदाचं काम. शेजाऱ्याच्या सेप्टिक टँकला नाही म्हणायला रोज उठावं लागतं.

नदीकाठ
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही, होकारच आहे. फक्त एक फरक मला मोठा वाटतो. पाइप उद्या बंद करता येतो, तंबू हलवता येतो. बोगद्यात गेलेली नदी आपल्या हयातीत परत येत नाही. म्हणून आधी ते थांबवलं हे योग्यच, पण इथे थांबून चालणार नाही हे तुमचं खरं.

बोगद्याच्या_टोकाला
मग सरळ विचारतो. प्रत्येक खोऱ्याने "आमची नदी नको" म्हटलं तर वीज कुठून आणायची?

नदीकाठ
प्रत्येकाने म्हणावं असं मी म्हणतच नाही. सैंजवर प्रकल्प आहेत, पार्वतीवर आहेत, बियासवर आहेत. त्या सगळ्या पाण्यात एक तीर्थन सोडा. एका मोठ्या खोऱ्यात एक तरी उपनदी उगमापासून खालपर्यंत अडवायची नाही, एवढंच मागणं आहे. बाकीच्या नद्यांवर तुमच्याशी पंधरा टक्क्यांचे वीस-पंचवीस कसे होतील यावर बोलेन.

बोगद्याच्या_टोकाला
एक नदी सोडायला माझी हरकत नाही. पण कोणती, ते कोर्टात वकील लावणं ज्याला परवडलं त्याने ठरवू नये. सैंजकडे शबाब नव्हते म्हणून सैंज गेली, असं झालं ना हे?

पाऊलवाट
यावर सैंजच्या माणसांनी बोलायला हवं. मी ज्यांच्याकडे चहा प्यायलो त्या आजी एवढंच म्हणाल्या होत्या की पूर्वी रात्री नदीच्या आवाजात झोप लागायची.