दंगलीत धर्मगुरूंनी मध्यस्थी करावी की लांब राहावं?

पाणपोई:
मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाकडे बघा. मार्च २०१३ मध्ये बहुतांशी मुस्लिम असलेल्या सेलेका बंडखोरांनी राजधानी बांगी घेतली, लुटालूट केली. डिसेंबरात बहुतांशी ख्रिश्चन असलेल्या अँटी-बालाका टोळ्या सूड उगवायला मुस्लिम वस्त्यांवर तुटून पडल्या. त्या धुमश्चक्रीत बांगीचे कॅथलिक आर्चबिशप न्झापालैंगा यांनी इमाम लायामांना कुटुंबकबिल्यासह आपल्या घरी ठेवून घेतलं, तेही कित्येक महिने. प्रोटेस्टंट पास्टर गेरेकोयामे हे त्यांचे तिसरे साथीदार. ‘हे धर्मयुद्ध नाही’ असं तिघं मिळून सांगत फिरले. सरकार नावापुरतंच होतं, मग लोक ऐकणार कुणाचं? समेटाची सुरुवात धर्मगुरूंनीच करावी, या मताचा मी आहे.

रोखठोक:
साफ असहमत. धर्मयुद्ध नाही असं तेच म्हणतात ना? मग तोडगा त्यांच्याकडे कुठून आला? भांडण हिऱ्यांचं, गुरांच्या वाटांचं आणि बांगीतल्या खुर्चीचं. डिसेंबर २०२० मध्ये काय झालं आठवा. माजी सेलेका गट आणि अँटी-बालाकाचे गट चक्क एका आघाडीत येऊन सरकारवर चालून गेले! कालपर्यंत एकमेकांची घरं जाळणारे आज गळ्यात गळे. इमाम-बिशपांचे एकत्र फोटो निघतात आणि राजकारण्यांचं फावतं.

सांजसर:
फोटोंचं जाऊ द्या हो. बोसेंप्तेले गावातल्या कॅथलिक मिशनचं इस्पितळ बघा. फादर बर्नार्ड किन्वी मूळचे टोगोचे, काळ्या झग्यावर छातीशी मोठा लाल क्रॉस. आधी जखमी सेलेकांवर तिथंच उपचार झाले. जानेवारी २०१४ मध्ये अँटी-बालाकांनी गाव घेतल्यावर हा माणूस घरोघर जाऊन लपलेल्या मुसलमानांना शोधून आणत होता, मेलेल्यांना पुरत होता. शेकडो जीव मिशनच्या आवारात राहिले. ‘गुरांच्या वाटा’ त्या वेळी कुणाला वाचवणार होत्या?

रोखठोक:
किन्वींना दंडवत, त्यात वाद नाही. पण पुढे? त्यातले बरेचसे ट्रकात बसून कॅमेरूनला गेले. गाव रिकामं झालं ते झालंच. याला समेट म्हणायचं?

चिमटा:
क्रॉसवाले मदत घेऊन आले की मागोमाग बायबल येतंच, हे कुणी बोलत नाही.

पाणपोई:
चिमटा, रेड क्रॉस आणि मदतसंस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे: मदतीच्या आडून धर्माचा प्रचार करायचा नाही. कॅथलिकांची मदतसंस्था कारितासही त्यात सामील आहे. कुणी मोडली तर त्याला जरूर धरा, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.
रोखठोक, ट्रकात बसायला माणसं जिवंत लागतात. समेट झाला असं मी म्हणतच नाही, सुरुवात म्हणतोय.

रोखठोक:
सुरुवात २०१३ ची. अँटी-बालाकाचे म्होरके येकातोम आणि न्गैसोना यांना शिक्षा सुनावली २०२५ मध्ये, तीही हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं. मधल्या बारा वर्षांत प्रार्थनासभा झाल्या तेवढ्या खटल्यांसाठी कुणी आग्रह धरला असता तर मी तुमच्या बाजूनं लिहिलं असतं.