साइड व्हील लावलेल्या स्कूटरची डिकी अडकली आहे. लॉक न फोडता कशी उघडावी?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझ्या वडिलांचा उजवा पाय अधू आहे. गेली सहा वर्षे ते ११० सीसीची गिअरलेस स्कूटर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाके बसवून वापरतात. (मोजली तर चाके चार भरतात, तरी घरीदारी सगळे तिला तीनचाकीच म्हणतात.) या गाडीची डिकी मंगळवारपासून उघडत नाही. गाडी जुन्या पद्धतीची असून पेट्रोलच्या टाकीचे झाकण सीटखालीच आहे, त्यामुळे डिकी बंद म्हणजे पेट्रोल भरणेही बंद. काटा लाल रेघेच्या जरा वर आहे. शिवाय गाडीची कागदपत्रे, वडिलांचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), रेनकोट आणि पान्यांची पिशवी हे सगळे आतच अडकले आहे.

सीटचे लॉक समोरच्या मुख्य किल्लीवरच चालते. किल्ली सीटच्या खुणेकडे फिरवली की पूर्वी मागे ‘टक’ असा आवाज येऊन सीट बोटभर वर येत असे आणि किल्ली सोडताच आपोआप जागेवर परतत असे. आता किल्ली जड फिरते, आवाज येत नाही, आणि हात काढल्यावर ती तिथेच राहते. ती हाताने परत आणावी लागते. सीट दोघांनी धरून वर ओढून पाहिली, पण ती हलत नाही. जवळच्या गॅरेजमध्ये ड्रिलने लॉक फोडून नवीन बसवण्याचा सल्ला मिळाला. त्याआधी घरी करून पाहण्यासारखा काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

रिमझिम

सीट वर ओढू नका, खाली दाबा. लॉकमधल्या आकड्यावर, म्हणजे सीटखालची कडी पकडणाऱ्या हुकावर, ताण असला की तो सुटत नाही, आणि आपण जितके ओढू तितका तो कडीला घट्ट धरतो. एकाने सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही तळहातांनी पूर्ण भार द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने किल्ली फिरवावी. डिकीत रेनकोट कोंबलेला असेल तर तो सीटला आतून वर ढकलत असतो, म्हणून भार चांगला द्यावा लागतो. आमच्या गाडीचे लॉक दर पावसाळ्यात असेच अडते आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटते. न सुटल्यास सीटच्या मागच्या फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारून वर दोन-चार बुक्क्या द्याव्यात.

कृष्णाकाठ

आपण सांगितल्याप्रमाणे आज सकाळी करून पाहिले. भावाने सीटवर अक्षरशः बसून भार दिला आणि मी किल्ली फिरवली, तरी काही झाले नाही. स्प्रेही मारला. किल्लीचा जडपणा मात्र तसूभरही कमी झाला नाही.

जुना फिटर

मी पंचवीस वर्षे दुचाकींचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या प्रकारच्या सीट लॉकमध्ये तीनच गोष्टी असतात: पुढे किल्लीचे लॉक, मागे स्प्रिंग लावलेला आकडा आणि या दोघांना जोडणारी केबल, म्हणजे ब्रेकच्या केबलसारखी बाहेर आवरण आणि आत तार. किल्ली तार ओढते, तार आकडा मागे सारते, आणि किल्ली सोडली की आकड्याची स्प्रिंग तार परत खेचून घेते. त्यामुळे बिघाड नेमका कोठे आहे, हे किल्लीच सांगते. किल्ली अगदी हलकी, रिकामी फिरत असेल तर तार तुटली आहे किंवा तिच्या टोकाचा गोळा खाचेतून निसटला आहे. किल्ली नेहमीसारखी फिरून ‘टक’ आवाजही येत असेल आणि सीट तेवढी उठत नसेल, तर आकडा सुटलेला असतो आणि सीटचे रबर चिकटलेले किंवा सीटखालची कडी वाकलेली असते. किल्ली जड फिरत असेल पण सोडल्यावर परत येत असेल, तर आकड्यावर ताण आहे. तिथे रिमझिम यांचा उपाय लागू पडतो. आपली किल्ली जड आहे आणि परतही येत नाही, याचा अर्थ तार आवरणातच अडत आहे, एकतर गंजामुळे किंवा आवरण कोठेतरी दाबले गेल्यामुळे. अशा वेळी मागून कितीही स्प्रे मारला तरी तो दुखऱ्या जागेपर्यंत पोहोचत नाही.

ड्रिल मात्र कोणत्याही परिस्थितीत चालवू देऊ नका. लॉकपासून वीतभर अंतरावर पेट्रोलच्या टाकीचे तोंड आहे, ड्रिलच्या ठिणग्या उडतात, आणि आपण तिथे नुकताच ज्वालाग्राही स्प्रे मारलेला आहे. बुक्क्याही नकोत, त्यांनी सीटची प्लास्टिकची बैठक तडकते आणि कडी वाकून एका दुखण्याची दोन होतात.

आता प्रत्यक्ष काम. पायांसमोरचे पॅनेल काढा; त्याचे स्क्रू बाहेरून दिसतात, त्यामुळे डिकी बंद असली तरी ते निघते. प्लास्टिकचे खटके मोडू नयेत म्हणून पॅनेल एका झटक्यात न उपसता कडेकडेने सोडवत यावे. आत किल्लीच्या लॉकमागे केबलचे टोक दिसेल. गोळा खाचेतून काढून नोज प्लायरने पकडा आणि दुसऱ्याला सीट दाबायला सांगून तार सरळ रेषेत, सावकाश ओढा. किल्लीपेक्षा पकडीने तार जास्त लांबीपर्यंत ओढली जाते, त्यामुळे अर्धवट अडलेली केबलही निदान एकदा तरी आकडा सोडते, आणि आपल्याला एकदाच पुरे आहे. सीट उघडली की केबलची संपूर्ण तपासणी होईपर्यंत ती पुन्हा खाली आपटू नका. यातूनही न सुटल्यास टेल लाइटच्या बाजूने वाकवलेली तार घालून आकड्याचा खटका हलवता येतो. पण ती जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते आणि अंधारात चाचपडावे लागते, म्हणून तो शेवटचा मार्ग समजावा.

स्प्रेविषयी आणखी एक. गंज सोडवायला सर्रास वापरतात त्या डब्ल्यूडी-४० स्प्रेच्या नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणे. १९५३ मध्ये अमेरिकेत तो ओल आणि गंज रोखण्यासाठीच तयार झाला. तो अडलेले सोडवतो, पण फार दिवस टिकणारे वंगण म्हणून त्यावर विसंबू नये. लॉक मोकळे झाल्यावर पुसून घेऊन आकड्याच्या खिळीवर आणि कडीवर हरभऱ्याएवढे ग्रीस लावावे.

एकटा जीव, कराड

मी स्वतः अशीच गाडी चालवतो, म्हणून फिटरसाहेबांच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो. साध्या स्कूटरला त्या लागू नाहीत.

पहिली, गाडी उभी करण्याची जागा. साधी स्कूटर खड्ड्यात किंवा वळणावर कलते. आपली कलत नाही. एक जादा चाक दगडावर किंवा फुटपाथच्या कडेवर असले की सगळा पीळ सांगाड्याला बसतो आणि कडी आकड्याच्या एका कडेला घासते. माझी डिकी अंगणातल्या उतारावर अडते आणि सपाट शहाबादी फरशीवर बोटाने उघडते, हे मी कित्येकदा अनुभवले आहे. तेव्हा पुढचा प्रयत्न करण्यापूर्वी गाडी सपाट जागी आणावी आणि दोन्ही जादा चाकांतील हवा सारखी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जादा चाकांचा सांगाडा पट्ट्या आणि बोल्टने मूळ चासीला आवळलेला असतो, आणि सीटची केबलही त्याच चासीच्या कडेने मागे जाते. पट्टी आवळताना केबल तिच्याखाली आली तर आवरण चेपते. केबल नवीन टाकली तरी ती त्याच पट्टीखालून गेली तर महिनाभरात पुन्हा तेच होईल. अलीकडे आपण त्या बोल्टना हात लावला होता का?

कृष्णाकाठ

आपल्या शेवटच्या प्रश्नाने डोळे उघडले. गेल्या महिन्यात डावे चाक खडखडत होते म्हणून वडिलांनी सांगाड्याचे बोल्ट आवळून घेतले होते. दोन्ही गोष्टींचा संबंध असेल, असे मनातही आले नव्हते.

काल संध्याकाळी गाडी सपाट जागी घेऊन पॅनेल काढले. पॅनेलचा एक खटका मोडलाच, ते असो. गोळा पकडून तार ओढू लागलो, तेव्हा पहिल्या दोन वेळा ती रबरासारखी ताणून परत गेली. तिसऱ्या वेळी भावाने सीट दाबलेली असताना मागे ‘टक’ असा आवाज आला आणि त्या आवाजाने वडील घरातून कुबडी घेऊन बाहेर आले. डिकीत ओल्या रेनकोटची अशी गुंडाळी होती की ती निघताच सीट दोन बोटे खाली बसली. म्हणजे रिमझिम यांचेही अर्धे खरे होते.

डाव्या बाजूचे कव्हर काढल्यावर कारण दिसले. सांगाड्याच्या पट्टीखाली केबलचे आवरण भाकरीसारखे चपटे झाले होते आणि काळ्या प्लास्टिकमधून आतली पोलादी गुंडाळी उघडी पडून तांबूस गंजली होती. नवीन केबल आणून ती पट्टीच्या वरून, वायरिंगच्या जुडग्याबरोबर नेली आणि दोन ठिकाणी प्लास्टिकच्या बंदाने बांधली. आता किल्ली सोडली की परत येते. फिटरसाहेब, लॉकच्या खटक्याला एक जादा तार बांधून तिचे टोक बाहेर ठेवले तर पुढे उपयोग होईल का?

जुना फिटर

अवश्य ठेवा. ब्रेकच्या जुन्या केबलमधली तार चालेल. खटक्याला पक्की बांधून ती मडगार्डच्या आतल्या बाजूला उतरवा आणि टोकाला छोटा फास करून ठेवा. टोक सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला असावे, चाकात जाणार नाही इतके आखूड असावे आणि उभ्याने पाहिल्यास दिसू नये, नाहीतर डिकी सगळ्या गावाला खुली होईल. तारेला थोडी ढील ठेवा. ती ताणलेली राहिली तर खड्ड्यात आकडा आपोआप सुटेल. आणि वडिलांना वाकून फासापर्यंत हात पोहोचत नसेल, तर टोक कुबडीच्या स्टँडजवळ आणून घ्या.