पहिलीच्या वर्गासाठी शरद ऋतूतले उपक्रम : पानगळ सोडून काय घ्यावं?

पाटीपेन्सिल

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र घेते. पहिलीत १४ लेकरं आहेत. दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जेमतेम तीन आठवडे हाती लागतात. ऋतूवरचे उपक्रम शोधले की लाल-पिवळ्या पानांच्या नाहीतर भोपळ्याच्या कार्यपत्रिकाच निघतात. आमच्या शाळेसमोरचा साग आत्ता हिरवागार आहे, पळसही. घरोघरी मात्र सोयाबीन काढणं सुरू आहे आणि पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) बोंडं फुटायला लागलीत.

गणितात दहाचे गट आणि कमी-जास्त, भाषेत पाहिलेल्या वस्तूवर दोन-तीन वाक्यं बोलणं, एवढं साधायचं आहे. विकत काही आणायचं नाही. काय घेऊ, कसं घेऊ, आणि कुठे फसतं, ते नेमकं सांगाल का?

धुऱ्यावरचा

मॅडम, पानगळ आता घेऊच नका. आपल्याकडे साग-पळस उघडे पडतात ते माघ-फाल्गुनात. 'शरदात पानं गळतात' असं चित्र लेकरांपुढे ठेवलं, तर खिडकीबाहेर दिसतं ते खोटं आणि कागदावरचं खरं, असं होतं. आश्विन-कार्तिक म्हणजे आपल्याकडे कापूस. तिथूनच सुरुवात करा.

लेकरामागे दोन, म्हणजे २८-३० पूर्ण फुटलेली बोंडं लागतील. ती आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि दिवसभर उन्हात वाळवा. सकाळी दवात भिजलेलं बोंड तसंच वर्गात आणलं तर सरकी (कापसाचं बी) रुईला (कापसाच्या तंतूंना) धरून बसते, लेकरं ओढून ओढून कंटाळतात. वाळलेल्या टरफलाची टोकं काट्यासारखी टोचतात, म्हणून कापूस टरफलातून बाहेर काढायचं काम तुम्ही किंवा दुसरीच्या मुलांनी करायचं. पण काढण्याआधी प्रत्येकाला बोंड पाहू द्या. त्यात कापसाच्या फाकी किती? बहुतेकांना चार सापडतील, काहींना पाच. फळ्यावर 'चार' आणि 'पाच' असे दोन रकाने आखा आणि ज्याचं त्याने आपली रेघ मारायची.

मग एकेक फाक हातात द्यायची. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत सरकी धरून दुसऱ्या हाताने रुई ओढायची. पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते, त्यामुळे हा वेळ लेखनाच्या तयारीचा समजा. एका फाकेत साधारण सहा ते नऊ सरक्या निघतात. सरकीवर थोडी लव राहतेच, ती काढत बसायचं नाही. चार जणांचा गट करा, गटाच्या सगळ्या सरक्या एका ताटात जमवा आणि दहा-दहाचे ढीग घाला. 'दहाचे सहा ढीग आणि वर चार' असं तोंडाने म्हणवून घ्या, आकडा नंतर लिहा. निपुण भारतच्या (केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या) उद्दिष्टांत पहिलीला ९९ पर्यंतची संख्या आहे. दोन-तीन बोंडांतच साठ-नव्वदपर्यंत मोजणी जाते, म्हणून गटाला एका वेळी तीनच बोंडं द्या.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी येते. गटाची सगळी रुई एका बाजूला, सगळी सरकी दुसऱ्या बाजूला. विचारा, जड काय? जवळजवळ सगळे रुईकडे बोट दाखवतील, कारण तो ढीग मोठा दिसतो. आता काठीचा तराजू करा. हातभर सरळ काठी घ्या, बरोबर मधोमध दोरी बांधा, आणि दोन्ही टोकांना टोकापासून सारख्या अंतरावर पळसाचे द्रोण टांगा. सरकीचं पारडं खाली जातं. कापसाच्या वजनात रुई साधारण तिसरा हिस्सा असते, उरलेली सगळी सरकी. लेकरं दोन-तीनदा पारडी अदलाबदल करून पाहतील. करू द्या. मोठं दिसणारं जड असतंच असं नाही, हे त्यांना त्यातूनच पटतं.

तराजू फसतो तो दोन कारणांनी. एक, रिकामे द्रोण आधी समतोल करून घेतलेले नसतात. दोन, पंखा चालू राहतो आणि रुई उडते. खोकला-दमा असणारं लेकरू असेल तर त्याला मोजणीत ठेवा, ओढण्यात नको.

भाषेसाठी पऱ्हाटीची एकच फांदी आणा, जिच्यावर पातं (कळी), फूल, हिरवं बोंड आणि फुटलेलं बोंड असं सगळं असेल. फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. फांदी पाण्यात ठेवून दोन दिवस पाहिली की 'काल... आज...' अशी वाक्यं आपोआप येतात. एखाद्या बोंडात गुलाबी अळी निघाली तर फेकू नका. काचेच्या बरणीत ठेवा, सगळे पाहतील.

कुटार

वरचं सगळं चांगलं आहे, पण सुरक्षेचं आणखी ठळक सांगायला हवं.

बोंडं कोणाच्या वावरातली, शेवटची फवारणी कधी झाली, हे त्या शेतकऱ्याला विचारूनच आणा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपल्याला माहीत आहे. लेकरांना घरून बोंडं 'आणा' असं सांगू नका, ती रस्त्यात दिसेल त्या वावरात शिरतील. उपक्रम झाला की साबणाने हात, मगच पोषण आहार. आणि सोयाबीनच्या गंजीजवळ मुलांना नेऊ नका. गंजीखाली उंदीर असतात, उंदरामागे घोणस येते. वावरातली सहल या दिवसांत मी टाळायलाच सांगेन. वस्तू वर्गात आणा.

सोयाबीनची वाळलेली शेंग मात्र पहिलीसाठी फार छान आहे. शेंग फोडण्याआधी बोटाने चाचपायची, किती फुगवटे लागतात ते सांगायचं, मग फोडून पाहायचं. बहुतेक शेंगांत दोन किंवा तीन दाणे, क्वचित एक किंवा चार. जुन्या पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ असे रकाने आखा आणि रिकामी टरफलं ज्या त्या रकान्यात खालून वर चिकटवा. कोणता रकाना उंच झाला ते न मोजता दिसतं. चिकटवायला शिजलेल्या भाताची शितं पुरतात. टरफलं सारख्या अंतरावर लावली नाहीत तर लांब दिसणारा रकाना जास्तीचा वाटतो, म्हणून पुठ्ठ्यावर आधीच चौकटी आखा. एका चौकटीत एकच टरफल.

दाण्यांचा धोका वेगळा. या वयात दाणा नाकात किंवा कानात घालतात, आणि सोयाबीन ओलाव्याने फुगतं. गटाला २० दाणे मोजून द्या आणि २० मोजून परत घ्या, तीही मोजणीच आहे. एखादा अडकलाच तर काडी-चिमटा घालू नका, पाणी टाकू नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बियांच्या संग्रहात एरंडी, गुंज आणि धोतरा अजिबात नको. सीताफळाच्या बिया अख्ख्या असतील तर मोजायला चालतात, फोडू द्यायच्या नाहीत. त्यांची भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

मोकळं पटांगण

दोन वर्ग एकत्र आहेत तर सावली मोजा. पटांगणात १ मीटरची सरळ काठी रोवा. दर सोमवारी दुपारी बारा ते सव्वाबाराच्या दरम्यान सावलीच्या टोकाला खडा ठेवा, काठीच्या बुडापासून खड्यापर्यंत सुतळी ताणा आणि तोडा. सुतळीला तारखेची चिठ्ठी लावून भिंतीवर शेजारी शेजारी टांगा. पहिलीने आपल्या वितीने मोजायचं, दुसरीने पट्टीने. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला, दिवस-रात्र सारखे असताना, आपल्या भागात ही सावली साधारण ३८ सेंटीमीटर भरते. ऑक्टोबर संपताना ती ७० च्या आसपास जाते आणि डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमाराला जवळजवळ काठीएवढी होते. त्यामुळे दिवाळीनंतरही चालू ठेवा. भिंतीवरच्या सुतळ्या पायऱ्यांसारख्या लांबत जाताना फार सुंदर दिसतात.

वेळ चुकली की सगळं बिघडतं. एका सोमवारी अकराला आणि पुढच्या सोमवारी बाराला मोजलं, तर सावली आखडली असंच लेकरांना दिसेल. ढोरं काठी पाडतात, म्हणून रेतीच्या बादलीत रोवून बादलीची जागा चुन्याने आखून ठेवा, आणि काठीचं टोक जमिनीपासून दर वेळी तेवढंच, १ मीटर, उंच ठेवा. ओळंबा पाहायला दोरीला खडा बांधून काठीशेजारी धरला की पुरे.

पाटीपेन्सिल

फार उपयोगी. भाषेचा तास अजून थोडा मोकळा राहतो. आपट्याची पानं घेऊ का? आणि भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा आणि खाऊ ओळखण्याचा खेळ) वर्गात चालेल?

धुऱ्यावरचा

आपटा घ्या, पण फांदी नको. प्रत्येकी एकच पान. मधल्या शिरेवर दुमडलं की दोन भाग एकमेकांवर बसतात, 'सारखे दोन भाग' इथेच कळतं. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानंही विकतात. आपट्याचं पान आकाराने लहान आणि लांबीपेक्षा रुंद असतं. ठसा घ्यायचा तर शिरा वर येतील असं उलटं ठेवा, पातळ कागद आणि मेणखडू आडवा. ताजं पानच घ्या, सुकलेलं खडूखाली चुरतं.

पळसाची तीन-तीनची पानं मांडून ३, ६, ९ म्हणवा. म्हण लेकरांना घरून पाठ असते.

कुटार

भुलाबाई जरूर चालेल, कोजागिरीपर्यंत घरोघरी असतेच. गाणी मुलींच्या तोंडी असतात, त्या म्हणतील, मुलगेही टाळ्या देतील. शिकवायचं ते खाऊ ओळखण्यातून. झाकणाच्या डब्यात मुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे यांतलं एकच काही ठेवा. डबा हलवून आवाज ऐकवा. सरळ नाव सांगायचं नाही, आधी प्रश्न विचारायचा : गोड आहे का? गोल आहे का? चुलीवर भाजतात का? उत्तर फक्त हो किंवा नाही. पाच प्रश्नांनंतरच ओळखायचं. नियम सैल ठेवला तर दोन-तीन बोलकी लेकरंच नावं ओरडत राहतात आणि मागचे गप्प बसतात. म्हणून प्रश्नाचे पाच चिंचोके पाच वेगवेगळ्या लेकरांना आधीच वाटून द्या. ज्याच्या हातात चिंचोका, तोच विचारेल.