रिशल्यूचे पद १६३० मध्येच गेले असते तर?

प्रश्न :
पर्यायी इतिहासाच्या कथांमध्ये कार्डिनल रिशल्यू, म्हणजे फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा मुख्यमंत्री, भेटला, की तो बहुधा ड्यूमाच्या १८४४ च्या ‘द थ्री मस्केटियर्स’ कादंबरीतील कारस्थानी धर्मगुरूच असतो, आणि त्यामुळे मन खट्टू होते. मी लिहीत असलेल्या दीर्घकथेचा आरंभ नोव्हेंबर १६३० मधील आहे. राजमाता मारी दे मेदिची हिने रिशल्यूला काढून टाकण्याचा हट्ट धरला, दरबाराने त्याची गच्छंती झाल्याचे गृहीतही धरले, आणि तेराव्या लुईने व्हर्सायच्या शिकारवाड्यावर त्यालाच बोलावून अभय दिले. माझ्या कथेत राजा आईचे ऐकतो आणि रिशल्यूचा दरबारातील विरोधक मिशेल द मारियाक मुख्यमंत्री होतो. तीस वर्षांच्या युद्धाला (१६१८ ते १६४८ या काळात जर्मनीत हॅब्सबर्ग सम्राट आणि त्याचे विरोधक यांच्यात चाललेल्या युद्धाला) यामुळे खरोखर वेगळे वळण लागेल का?

प्रतिसाद १ :
लागेल, आणि ते पैशांच्या वाटेने लागेल. त्या प्रसंगानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, जानेवारी १६३१ मध्ये, बेरवाल्डे येथे फ्रान्सने स्वीडनशी करार केला आणि तिथला राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याला वर्षाला चार लाख थालर (चांदीची नाणी) देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात त्याने तीस हजार पायदळ आणि सहा हजार घोडदळ जर्मनीत ठेवायचे होते. रोमन चर्चच्या कार्डिनलने प्रॉटेस्टंट राजाचे सैन्य पोसावे, हे मारियाकला मानवणारे नव्हते. करांच्या ओझ्याने प्रजा पिचली असताना स्पेनशी युद्ध ओढवून घेऊ नये, असे त्याचे आग्रही मत होते आणि ते मला आजही पटते. नॉर्मंडीत १६३९ मध्ये झालेला करविरोधी उठाव पाहिला, की त्याची भीती किती सार्थ होती हे कळते. मारियाकला निव्वळ धर्मवेडा करून टाकू नका.

प्रतिसाद २ :
थोडी असहमती नोंदवतो. गुस्ताव्ह जुलै १६३० मध्येच, म्हणजे करारापूर्वी, पोमेरेनियात उतरला होता. त्यामुळे फ्रेंच पैसा नसता तरी युद्ध पेटलेच असते. प्रश्न एवढाच, की ते किती काळ तगले असते. खरा फरक १६३४ नंतर पडतो. नॉर्डलिंगेन येथे स्वीडिश सैन्याचा पराभव झाला आणि मे १६३५ मध्ये फ्रान्सने स्पेनविरुद्ध उघड युद्ध पुकारले. मारियाकच्या फ्रान्सने हे पाऊल उचललेच नसते, असे मला वाटते.

आणखी एक विनंती. ला रोशेल या ह्यूगनोंच्या, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंटांच्या, बालेकिल्ल्याचा वेढा रंगवताना १६२९ चा आलेसचा तह विसरू नका. रिशल्यूने ह्यूगनो लोकांचे किल्ले आणि सैन्य काढून घेतले, परंतु उपासनेचे स्वातंत्र्य कायम ठेवले. राज्यात दुसरी सत्ता नको, हा त्याचा हेतू होता. खलनायकाच्या साच्यात तो बसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचाही आभारी आहे. कथा आता १६३५ पर्यंत नेतो, कारण नॉर्डलिंगेननंतर पॅरिसहून मदत येणार नाही हे कळलेले स्वीडिश सेनानी काय करतील, हाच तिचा गाभा ठरेल. मारियाकसाठी स्वतंत्र प्रकरण लिहितो.